शस्त्र अर्ध्या तासाचे, शुश्रूषा चौदा दिवसांची

व्याधींचा इतिहास लिहिताना लेखणी बहुधा शल्यविशारदाच्या हातातील शस्त्रावर स्थिरावते. पहिला छेद कोणी घेतला, कोणते यंत्र कोणी घडविले, भूल देण्याची विद्या केव्हा अवतरली, याच्या नोंदी ग्रंथांतून सविस्तर सापडतात. परंतु छेद घेतल्यानंतर रुग्णाच्या उशाशी कोण बसले, त्याला पाण्याचा पहिला घोट कोणी पाजला आणि मध्यरात्री त्याच्या तोंडातून रक्त आले तेव्हा कोण धावले, याची नोंद क्वचितच आढळते. प्रस्तुत लेखात टॉन्सिल व अ‍ॅडेनॉइड काढण्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास आम्ही या दुसऱ्या बाजूने पाहणार आहोत.

विषय वरकरणी किरकोळ वाटेल. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या धर्मग्रामांतील कुठल्या ना कुठल्या घरी ही शस्त्रक्रिया होतच असते. "टॉन्सिलचे तर ऑपरेशन, दोन दिवसांत पोर खेळायला लागेल," असे शेजारीपाजारी सांगतात आणि आईवडीलही तसेच मानून चालतात. चार-पाच वर्षांच्या बालकाच्या बाबतीत हा अंदाज कधी कधी खराही ठरतो. परंतु रुग्ण चौदा-पंधरा वर्षांचा असेल तर गोष्ट निराळी असते. त्याच्या वेदना अधिक तीव्र व अधिक दिवस टिकणाऱ्या असतात, आणि सर्व काही सुरळीत झाले असे वाटू लागते नेमक्या त्याच सुमारास रक्तस्रावाचा धोका पुन्हा डोके वर काढतो. शस्त्रक्रिया अर्ध्या-पाऊण तासात आटोपते. बरे होण्याचे काम मात्र दहा ते चौदा दिवस चालते, आणि ते जवळजवळ सगळे घरीच करावयाचे असते. वैद्यकविद्येला ही साधी गोष्ट उमगण्यास किती काळ लागला, हेच या इतिहासातून दिसून येते.

प्राचीनांचा सावधपणा

घशाच्या दोन्ही बाजूंस ज्या गाठी दिसतात त्या टॉन्सिल, आणि नाकाच्या मागे, टाळूच्या वर दडलेली तशाच जातीच्या ऊतींची गादी म्हणजे अ‍ॅडेनॉइड. जिभेच्या मुळाशी असलेल्या अशाच ऊतींसह त्यांचे एक कडे श्वासमार्गाच्या व अन्नमार्गाच्या वेशीवर तयार होते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ वॉल्डेयर याने १८८४ साली त्याचे वर्णन केले म्हणून ते त्याच्या नावाने ओळखले जाते. बाहेरून येणाऱ्या जंतूंची ओळख शरीराला करून देणारे हे वेशीवरचे पहारेकरीच होत. मात्र पहारेकरीच वारंवार आजारी पडू लागले किंवा इतके फुगले की वाटच अडली, म्हणजे त्यांना हटविण्याचा विचार करावा लागतो.

हा विचार फार जुना आहे. मराठी वैद्यकीय परिभाषेत टॉन्सिलला 'गिलायू' म्हणतात. हा शब्द सुश्रुतसंहितेतून आला आहे. तेथे गिलायू हा एक रोग असून, आवळ्याच्या बीएवढी घट्ट गाठ घशात होते, अन्न अडकल्यासारखे वाटते आणि हा रोग शस्त्रानेच साध्य होतो, असे त्याचे वर्णन आहे. पडजीभ वाढल्यास ती कापण्याचा विधीही सुश्रुताने सांगितला आहे. छेद प्रमाणाबाहेर गेला तर रक्त वाहून रुग्ण दगावेल आणि कमी पडला तर सूज येईल, असा इशारा त्याने जोडला आहे. शस्त्र कोठे थांबवावे याची ही चिंता लक्षात ठेवण्याजोगी आहे.

रोमन साम्राज्यात इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या ग्रंथकाराने टॉन्सिल काढण्याची रीत लिहून ठेवली. कठीण झालेली गाठ बोटाने सभोवार सोडवून काढावी. तशी न निघाल्यास आकड्याने पकडून शस्त्राने कापावी. मग जखम शिर्क्याने धुवावी आणि रक्त थांबविणारे औषध तिला लावावे, असे तो सांगतो. नंतरच्या काळजीविषयी त्याच्याकडे एवढाच मजकूर आहे. सातव्या शतकातील एजिना येथील पॉल या वैद्याने रुग्णाला सूर्यप्रकाशात बसवून, मदतनिसाकडून डोके धरून व जीभ दाबून ही क्रिया करण्यास सांगितले. भूल नव्हती, तेव्हा रुग्णाचे धैर्य आणि वैद्याचा वेग यांवरच सारी भिस्त होती.

या दोघांच्या मधल्या काळात, सहाव्या शतकात, अमिदा येथील एटियस हा वैद्य होऊन गेला. टॉन्सिलचा पुढे आलेला भागच तेवढा कापावा, समूळ उपटू पाहणारे वैद्य निरोगी भागालाही इजा करतात आणि भयंकर रक्तस्राव ओढवून घेतात, असे त्याने बजावले आहे. याच एटियसच्या ग्रंथात आपल्या परिचयाचे आणखी एक नाव येते. घशात काही अडकले असता संत ब्लेझ यांच्या नावाने विनवणी करावी, असा उल्लेख त्याने केला आहे. आर्मेनियातील सेबास्ते येथील हे बिशप इसवी सन ३१६ च्या सुमारास रक्तसाक्षी झाले. त्यांचे चरित्र त्यानंतर कित्येक शतकांनी लिहिले गेले, त्यामुळे त्यातील कथेकडे इतिहास म्हणून नव्हे, तर परंपरा म्हणून पाहावे लागते. घशात माशाचा काटा रुतलेल्या मुलाला घेऊन त्याची आई बिशपांकडे धावत येते, अशी ती कथा आहे. दर वर्षी ३ फेब्रुवारीस गळ्याशी दोन मेणबत्त्या धरून जो आशीर्वाद दिला जातो, त्याचे मूळ या कथेत आहे. मुंबईतील आंबोली आणि गोव्यातील गंडावली येथील चर्चे याच संतांच्या नावाने उभी आहेत. कथेतील आई मात्र सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. मुलाला संकट ओळखता आले, ते सांगताही आले असेल. पण त्याला उचलून वेळेवर योग्य ठिकाणी नेले ते आईने. आमच्या विषयाच्या दृष्टीने ती या कथेतील महत्त्वाची व्यक्ती आहे.

यंत्र, भूल आणि घाई

एकोणिसाव्या शतकात चित्र झपाट्याने पालटले. १८२८ साली फिलाडेल्फिया येथील शल्यविशारद फिलिप सिंग फिझिक यांनी टॉन्सिल कापण्याचे एक यंत्र प्रसिद्ध केले. कड्यात गाठ अडकवावयाची आणि पाते सरकवावयाचे, अशी त्याची रचना होती. फ्रेंच राज्यक्रांतीतील शिरच्छेदाच्या यंत्रावरून अशा साधनांना 'गिलोटिन' हेच नाव पडले. काही क्षणांत गाठ हातात येऊ लागली. १८४६ साली बोस्टन येथे ईथरच्या भुलीचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि पुढच्याच वर्षी एडिंबरा येथे सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणले. तरीही घशाच्या शस्त्रक्रियेत भूल बराच काळ धोक्याचीच राहिली. कारण ज्या वाटेने श्वास जातो त्याच वाटेवर रक्त सांडत असे.

अ‍ॅडेनॉइडचा शोध याहून उशिरा लागला. नाकामागील ही ऊती तोंड उघडून दिसत नाही. कोपनहेगन येथील डॉक्टर विल्हेल्म मेयर यांच्याकडे ऐकू कमी येणारी, नाक सदैव चोंदलेली आणि बोलणे अस्पष्ट असलेली एक तरुणी आली. त्यांनी टाळूच्या मागे बोट घालून चाचपले तेव्हा तेथे मऊ मांसाची वाढ लागली. ती काढल्यावर तरुणीचा त्रास हटला. १८६८ साली मेयर यांनी आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. तोंड उघडे टाकून बसणारी, वर्गात लक्ष नसलेली, मंद म्हणून हिणवली जाणारी असंख्य मुले वास्तविक कमी ऐकणारी व धड श्वास न मिळणारी आहेत, हे त्यातून उमगले. मेयर यांच्या कार्याची आठवण म्हणून १८९८ साली कोपनहेगनमध्ये त्यांचे स्मारक उभारण्यात आले. शाळेत 'ढ' ठरलेल्या कित्येक मुलांवर त्यांचे उपकार आहेत.

परंतु चांगल्या शोधाबरोबर घाईही आली. शस्त्रक्रिया सोपी, चटकन होणारी. मग नंतरच्या काळजीचे एवढे काय, असा समज रूढ झाला. पाश्चात्त्य देशांत कित्येक मुलांची टॉन्सिले घरच्या स्वयंपाकघरातील टेबलावर काढली गेली. प्रसिद्ध लेखक रोआल्ड डाल यांनी 'बॉय' या १९८४ साली प्रकाशित झालेल्या आत्मकथनात आपल्या बालपणीचा, १९२४ सालचा प्रसंग सांगितला आहे. नॉर्वेमध्ये सुट्टीवर असताना आठ वर्षांच्या त्या मुलाचे अ‍ॅडेनॉइड कोणतीही भूल न देता, कसलीही पूर्वसूचना न देता काढण्यात आले आणि नंतर तो आईबरोबर पायी घरी आला. तो डॉक्टर क्रूर होता असे नव्हे. त्या काळी हा शिरस्ताच होता. साठ वर्षे लोटली तरी तो प्रसंग त्या मुलाच्या मनातून गेला नव्हता, एवढेच येथे नोंदवून ठेवावयाचे.

याच सुमारास अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील सॅम्युअल क्रो यांनी दुसरा मार्ग दाखविला. रुग्णाला पूर्ण भूल देऊन, तोंड उघडे ठेवणारे खास उपकरण वापरून, प्रत्येक रक्तवाहिनी पाहून व बांधून टॉन्सिल अलगद सोडवावयाचे, अशी त्यांची पद्धत होती. १९१७ साली त्यांनी अशा एक हजार शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. वेळ अधिक लागला, पण धोका घटला. आजची पद्धत याच वाटेने पुढे आलेली आहे.

कापावे की न कापावे?

विसाव्या शतकाच्या आरंभी शिकागो येथील फ्रँक बिलिंग्ज यांनी एक मत हिरिरीने मांडले. दात, टॉन्सिल अशा ठिकाणी दडलेले जंतू तेथून सांधे, हृदय, मूत्रपिंडे यांत रोग पसरवितात, असे ते मत होते. त्यात सत्याचा अंश होता, परंतु त्याचा अर्थ सरसकट लावला गेला. टॉन्सिल म्हणजे घरात दडलेला चोर, तो दिसला की काढावा, अशी लाटच उसळली.

ही लाट किती बेभरवशाची होती, हे न्यू यॉर्क शहरात झालेल्या एका पाहणीने उघड केले. अमेरिकन चाइल्ड हेल्थ असोसिएशनने १९३४ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अकरा वर्षांच्या एक हजार शाळकरी मुलांपैकी ६११ जणांची टॉन्सिले आधीच काढलेली होती. उरलेली ३८९ मुले डॉक्टरांना दाखविली, तेव्हा त्यांनी १७४ जणांना शस्त्रक्रियेचा सल्ला दिला. ज्यांना गरज नाही असे ठरले ती २१५ मुले दुसऱ्या डॉक्टरांपुढे नेली. त्यांतल्या ९९ जणांना शस्त्रक्रिया हवी, असे ते म्हणाले. शेष राहिलेली ११६ मुले पुन्हा तपासली, तर आणखी ५१ जणांची नावे यादीत आली. अखेरीस हजारांतील अवघ्या ६५ मुलांची टॉन्सिले कोणालाच काढावीशी वाटली नाहीत! मुलांचे घसे तेच होते. डॉक्टरांच्या नजरेत मात्र 'साधारण निम्म्यांना गरज असणारच' हे गृहीत घट्ट बसलेले होते.

इंग्लंडमध्ये जे. अ‍ॅलिसन ग्लोव्हर यांनी १९३८ साली असेच निरीक्षण मांडले. लंडनजवळील हॉर्न्सी या भागात १९२८ साली शाळकरी मुलांवर टॉन्सिलच्या १८६ शस्त्रक्रिया झाल्या होत्या. शालेय वैद्यकीय अधिकारी बदलला आणि १९२९ साली हा आकडा १२ वर आला. त्यामुळे मुलांच्या आरोग्याचे काही बिघडले नाही. सुखवस्तू घरांतील मुलांवर ही शस्त्रक्रिया अधिक प्रमाणात होते, हेही ग्लोव्हर यांनी दाखवून दिले.

पुढे प्रतिजैविके आली, घशाचे जंतुसंसर्ग औषधांनी आटोक्यात येऊ लागले आणि शस्त्रक्रियेसाठी काही निकष असावेत हा विचार रुजला. १९८४ साली पिट्सबर्ग येथील जॅक पॅराडाइज व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका वर्षात सात वेळा, किंवा लागोपाठ दोन वर्षे प्रत्येकी पाच वेळा, किंवा लागोपाठ तीन वर्षे प्रत्येकी तीन वेळा घशाचा तीव्र त्रास झाला असेल, तर शस्त्रक्रियेचा लाभ होतो, असे त्यांना आढळले. हे आकडे आजही डॉक्टरांना मार्गदर्शक ठरतात. झोपेत श्वास अडणे हे अलीकडे या शस्त्रक्रियेचे मोठे कारण झाले आहे. अमेरिकेत पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांवर केलेला यासंबंधीचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या मुलांपैकी ७९ टक्क्यांची झोपेची तपासणी सात महिन्यांनी सुधारलेली आढळली. केवळ देखरेखीखाली ठेवलेल्या मुलांपैकी ४६ टक्के मुलेही आपोआप सुधारली होती. किशोरवयात याखेरीज टॉन्सिलच्या मागे वारंवार पू साचण्याचा विकारही कारणीभूत ठरतो. तात्पर्य, शस्त्रक्रिया खरोखर हवी आहे का, हा प्रश्न आईवडिलांनी निःसंकोचपणे विचारावा. डॉक्टरांवर अविश्वास दाखविण्याचा यात प्रश्नच नाही. इतिहासाने शिकविलेला हा शहाणपणा आहे.

आईला वॉर्डाचे दार उघडते

शस्त्र सुधारले, निकष ठरले. तरी रुग्णाच्या उशाशी कोण बसणार हा प्रश्न पाश्चात्त्य रुग्णालयांत फार काळ अनुत्तरित होता. १९४९ साली लंडनच्या रुग्णालयांतील मुलांना भेटण्याच्या वेळांची एक यादी इंग्लंडमधील एका साप्ताहिकात छापून आली. ती वाचताना आजही मन विषण्ण होते. गायज रुग्णालयात फक्त रविवारी दोन ते चार. सेंट बार्थोलोम्यूज येथे बुधवारी दोन ते साडेतीन. सेंट थॉमस येथे पहिला महिना भेट नाहीच, मात्र संध्याकाळी सात ते आठ या वेळात निजलेले मूल आईवडिलांनी दुरून पाहावे! काही ठिकाणी तर भेटीस पूर्ण मज्जाव होता. टॉन्सिलसाठी दाखल झालेली हजारो मुले या नियमांखालीच भूल उतरताना परक्या खोलीत एकटी जागी झाली.

हे नियम करणारी माणसे दुष्ट नव्हती. नातेवाईक घटसर्प, लोहितज्वर असे रोग बाहेरून आणतील, अशी त्यांना भीती होती. शिवाय आई भेटून गेली की मूल रडते आणि न भेटल्यास काही दिवसांनी गप्प होते. ते गप्प होणे म्हणजेच रुळणे, असे परिचारिकांना वाटे. न्यूकॅसल येथील डॉक्टर जेम्स स्पेन्स यांनी १९२० च्या दशकातच आजारी बालकांबरोबर त्यांच्या मातांनाही रुग्णालयात ठेवून घेण्यास आरंभ केला होता. पण त्यांचे अनुकरण फारसे झाले नाही. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात आठ दिवस राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट तयार केला. गप्प झालेले मूल रुळलेले नसून आतून खचलेले असते, हे त्या मूक चेहऱ्याने डॉक्टरांना पडद्यावर दाखविले. प्रारंभी अनेकांना त्याचा राग आला. तथापि १९५९ साली सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने ब्रिटिश सरकारला अहवाल दिला आणि आईवडिलांना मुलांना भेटण्याची मोकळीक असावी, लहानग्यांबरोबर आईलाही राहू द्यावे, अशी शिफारस केली. किशोरवयीनांची गरज बालकांहून वेगळी आणि प्रौढांहूनही वेगळी असते, याचीही दखल या अहवालाने घेतली.

आपल्या देशात चित्र निराळे होते. रुग्णाबरोबर घरचे एक माणूस राहावयाचे, ही आपल्याकडील रुग्णालयांची जुनी रीत आहे. कधी परिचारिकांची उणीव म्हणून, कधी गरिबी म्हणून ही रीत चालू राहिली असेल. त्यामुळे गर्दी व अस्वच्छता वाढते, हेही खरे. परंतु पाश्चात्त्यांना अर्धशतकाच्या वादानंतर जे गवसले, ते आपल्या आया डबा आणि चटई घेऊन पूर्वीपासून करीत आल्या आहेत. आपल्याकडे कमतरता असलीच तर मायेची नसून माहितीची आहे. म्हणून इतिहासाचा धागा येथे वर्तमानाशी जोडून घेतो.

किशोराचे चौदा दिवस

पहिला मुद्दा वेदनेचा. घशातील जखमेला टाके वा पट्टी नसते; ती उघडीच राहून भरते. तिच्यावर पांढरट-पिवळसर पापुद्रा धरतो आणि तोंडाला वास येतो. पुष्कळ घरांत हा पू समजून घबराट उडते. वस्तुतः ती भरत आलेल्या जखमेची खपली होय. तिला घासू नये, बोट लावू नये. दुखणे रोज थोडे कमी होत जाईल अशी अपेक्षा ठेवू नये. खपली सुटण्याच्या सुमारास, पाचव्या ते सातव्या दिवशी, ते पुन्हा वाढते आणि कानातही ठणका लागतो. कान बिघडलेला नसतो; घसा व कान यांच्या मज्जातंतूंच्या नात्यामुळे तसे जाणवते. हे आधीच ठाऊक असले तर मुलगा धीर सोडत नाही.

दुसरा मुद्दा पाण्याचा. दुखते म्हणून मुलगा गिळत नाही, गिळत नाही म्हणून घसा कोरडा पडतो, आणि कोरडा घसा अधिक दुखतो. या फेऱ्यातून सुटण्याचा मार्ग म्हणजे डॉक्टरांनी दिलेले वेदनाशामक औषध दुखेपर्यंत न थांबता घड्याळाच्या काट्यावर देणे, आणि त्यानंतर अर्ध्या तासाने पेय किंवा जेवण देणे. शहाळ्याचे पाणी, ताक गोड असल्यास ते, पेज, मऊ भात, गार दूध, आइसक्रीम हे सारे चालते. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना 'थंड खाल्ले तर घसा धरेल' अशी धास्ती असते. नेहमीच्या सर्दीत त्यांचे म्हणणे ऐकावे. पण या जखमेला गारवा सुखावतो, हे आजीला प्रेमाने समजावून द्यावे. चिवडा, चकली, पापड, तिखट रस्सा आणि आंबट फळे दोन आठवडे दूर ठेवावीत. किनारपट्टीवरील आपल्या घरांत मासळीवाचून पान हलत नाही. ती द्यायचीच तर काटा पूर्ण काढून द्यावी. आठ तासांत लघवी झाली नाही किंवा ती गडद पिवळी झाली, तर पाणी कमी पडत आहे असे समजून डॉक्टरांना कळवावे.

तिसरा मुद्दा औषधाचा, आणि त्याचाही इतिहास ताजा आहे. या शस्त्रक्रियेनंतर मुलांना कोडीन हे वेदनाशामक सर्रास दिले जात असे. काही मुलांच्या शरीरात कोडीनचे रूपांतर मॉर्फिनमध्ये फार वेगाने होते आणि झोपेतच त्यांचा श्वास मंदावतो. असे मृत्यू लक्षात आल्यावर अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने २०१३ साली, टॉन्सिल वा अ‍ॅडेनॉइड काढल्यानंतर मुलांना कोडीन देऊ नये, असा कडक इशारा दिला. खोकल्याच्या काही पातळ औषधांतही कोडीन असते. म्हणून घरात उरलेली बाटली आपल्या मनाने उघडू नये. अ‍ॅस्पिरिनही देऊ नये; त्याने रक्त थांबण्यास अडथळा येतो आणि मुलांना इतरही अपाय संभवतो.

चौथा मुद्दा सर्वांत गंभीर. रक्तस्राव पहिल्या चोवीस तासांत होऊ शकतो, तसाच तो खपली सुटताना, साधारण पाचव्या ते दहाव्या दिवशीही होऊ शकतो. ब्रिटनमध्ये २००३ व २००४ साली झालेल्या ३३,९२१ शस्त्रक्रियांच्या राष्ट्रीय पाहणीत ३.५ टक्के रुग्णांना रक्तस्राव झाल्याचे आढळले. म्हणजे बहुतेकांना तो होत नाही. परंतु ज्याला होतो त्याच्या घरी तेव्हा डॉक्टर नसतात, आईवडीलच असतात. तोंडातून ताजे लाल रक्त आले, झोपेत मुलगा सारखा काहीतरी गिळू लागला किंवा काळपट उलटी झाली, तर सकाळची वाट पाहू नये. त्याला पुढे झुकवून बसवावे, रक्त थुंकू द्यावे, खाण्यापिण्यास काही देऊ नये आणि तत्काळ रुग्णालय गाठावे. आपोआप थांबले तरी दाखवून यावे. या दोन आठवड्यांत दूरचा प्रवास, पोहणे, मैदानी खेळ टाळावेत आणि रात्री वाहन कोणाचे मिळेल हे आधीच ठरवून ठेवावे.

आता किशोराच्या मनाविषयी. या वयातील मुलगा आईच्या मांडीवर रडू शकत नाही आणि मोठ्यांसारखे सहनही करू शकत नाही. "काही नाही, बरा आहे," म्हणून तो भिंतीकडे तोंड करतो. "तुझा धाकटा भाऊ तर चार दिवसांत धावत होता," असे त्याला ऐकवणे अन्यायाचे आहे, कारण त्याचे दुखणे खरोखरच मोठे असते. त्याला मूल समजून भरविण्यापेक्षा त्याच्याकडे काम सोपवावे. औषधाच्या वेळा आणि प्यालेल्या पेल्यांची संख्या त्यानेच कागदावर लिहावी. बोलणे दुखत असेल तर त्याच कागदावर संवाद करावा. अ‍ॅडेनॉइड काढल्यानंतर काही दिवस आवाज गेंगाणा होतो किंवा पिताना एखादा घोट नाकातून येतो. मित्र हसतील या भयाने तो खचतो, म्हणून हे तात्पुरते आहे हे आधी सांगावे. बरेच दिवस ते टिकल्यास डॉक्टरांना दाखवावे. दहावीच्या वर्षी अभ्यास बुडण्याची चिंता असते. शाळेला दोन आठवड्यांची रजा शस्त्रक्रियेपूर्वीच कळवून ठेवावी. भेटीस येणाऱ्यांनाही आमची विनंती आहे. सर्दी-खोकला असलेल्यांनी दारातूनच चौकशी करावी आणि प्रार्थना आपल्या घरी करावी. ती तेथूनही पोहोचते.

सुश्रुत व एटियस यांनी शस्त्र कोठे थांबवावे ते सांगितले. मेयर यांनी मंद ठरलेल्या मुलांची खरी व्यथा दाखविली. ग्लोव्हर यांनी विनाकारण कापण्याचा मोह उघडा पाडला आणि रॉबर्टसन यांनी आईला वॉर्डाचे दार उघडून दिले. या सर्वांनी मिळून दोन हजार वर्षांत जे कमावले, ते अखेर कोणा एका घरातील खाटेपाशी येऊन पोहोचते. सातव्या रात्री गजर लावून उठणारी आई, पेला हातात देऊन मुलगा पिईपर्यंत शेजारी बसणारा बाप आणि आइसक्रीमला अखेर मान्यता देणारी आजी हेही या इतिहासाचेच मानकरी होत. त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नोंदवली गेलेली नाहीत. परंतु मुलगा पंधराव्या दिवशी दप्तर घेऊन शाळेला निघतो, तो त्यांच्यामुळेच.